सहल सगळ्यांची असावी

यंदा सहल कोठे न्यावी, यावर आमच्या वर्गात रोज वाद होतो. कोणी म्हणतो अजिंठा, कोणी म्हणतो मुंबई. गुरुजींनी नकाशात ब्रह्मपुत्रा नदीतले माजुली बेट दाखवले, तर दोघे-तिघे म्हणाले, तिथेच जाऊ! ते तर पार आसामात आहे. माझे मत असे की, सहल मनुदेवीच्या धबधब्याला न्यावी.

मनुदेवी आपल्या यावल तालुक्यातच आहे, आडगावच्या पुढे सातपुड्यात. देवळासमोर उंच कड्यावरून पाणी पडते. पावसाळ्यात धबधबा जोरात असतो आणि उन्हाळ्यात आटतो. म्हणून सहल पाऊस उघडल्यावर लगेच काढावी. पूर असेल तर मात्र जाऊ नये, आणि धारेखाली कोणी उभे राहू नये, कारण वरून दगड येतात.

मुले म्हणतात, "त्यात काय पाहायचं? नवरात्रात तर आम्ही जातोच!" पण नवरात्रात आपण गर्दी, फुगे आणि रेवड्या पाहतो. पाणी कोण पाहतो? गुरुजींनी सांगितले की, सातपुड्यातून येणारे नाले पायथ्याच्या गोट्यांत आणि वाळूत मुरतात. तेच पाणी आपल्या विहिरींना येते आणि त्यावर केळी पिकते. उरलेले तापीला मिळते. तापी उलटी पश्चिमेला वाहते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. म्हणजे तो धबधबा पाहिला की आपल्या विहिरीचे पाणी कोठून येते ते कळेल. डोंगरावरची झाडे तोडली तर पाणी मुरणार नाही, हेही कळेल.

दुसरे कारण मोठे आहे. मागच्या सहलीला वर्गातली पाच मुले आली नाहीत. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाची आई केळीच्या बागेत मजुरीला जाते. ती म्हणाली, "औंदा नको रे बापा, इतले पैसे कुठून आणू?" आम्ही परत येऊन गमती सांगत होतो, तेव्हा तो पाटीवर नुसत्या रेघा ओढत होता. जवळच्या सहलीला पैसे थोडे लागतात. एस.टी.त आम्हाला अर्धे तिकीट पडते. भाकरी, ठेचा घरूनच नेता येतो. कागद, पिशव्या मात्र तिथे टाकू नयेत, परत आणाव्यात.

मुंबई मोठेपणी पाहता येईल. पण चौथीचा वर्ग पुन्हा एकत्र येणार नाही. म्हणून जिथे सगळे येतील तिथेच सहल न्यावी, असे मला वाटते.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी