अनामत रकमेवरचा हक्क

१९१७ साली बडोद्यातील पारशी विश्रामगृहातून बाबासाहेबांना जातीपायी हुसकावण्यात आले. आज आपल्या मुलांना शहरात खोली मिळते. परंतु शिक्षण मध्येच सुटले की कित्येक घरमालक उरलेल्या मुदतीचे भाडे मागतात, अनामत दाबतात आणि आईबाप मुकाट्याने सोसतात. ही लाचारी कशासाठी? करारातील अट पाहून लेखी सूचना द्या, पोच घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार नोंदविण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य ठरते. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ करारभंगाबद्दल वाजवी भरपाईच देते. मनमानी दंड नव्हे. खरे देणे चोख द्या. उरलेली अनामत मात्र हक्काने मागा, दयेने नव्हे.