पवनेवर स्लालम कशाला?

रविवारी सकाळी मळवली स्टेशनवर लोकल थांबली, की उतरणाऱ्यांची पावले भाज्याकडे वळतात. कुणी लेण्यांच्या पायऱ्या चढतो, कुणी गायमुख खिंडीकडे निघतो आणि लोहगड गाठतो. लोहगडवाडीपाशी न थांबता डोंगराच्या पलीकडे दुधिवरे खिंडीच्या बाजूने उतरत गेले, की पवनेचा जलाशय समोर येतो. तुंग आणि तिकोना त्याच्यावर पहारा देत असतात. पाण्यावर वाऱ्याच्या सुरकुत्या धावताना दिसल्या, की विंडसर्फिंगचे वेड असलेल्या माणसाला पहिली आठवण आपल्या फळीची होते. फळी अजून घ्यायची असेल, तर सल्ला देणारेही भेटतात. त्यांतला सर्वांत मोहात पाडणारा सल्ला असा: घ्यायचीच तर स्लालम घे, तिच्यासारखी पळणारी फळी दुसरी नाही.

हा सल्ला चुकीचा आहे. तो कुठे चुकतो हे दाखवण्याआधी त्याची बाजू नीट मांडायला हवी, कारण त्यात तथ्य नाही असे मुळीच नाही.

स्लालम बोर्ड ही खास शर्यतीची फळी. लांबी साधारण सव्वादोन मीटर, शेपटीकडे रुंद, कार्बनच्या कवचाची, अवघी सहा-सात किलोंची. तिच्यावर आतून कॅम्बर बसवलेले, ताठ आकाराचे मोठे शीड चढते. ती एकदा पाण्याच्या पृष्ठभागावर उचलली गेली, म्हणजे ज्याला प्लेनिंग म्हणतात ते सुरू झाले, की तिच्या बुडाचा थोडासाच भाग पाण्याला टेकलेला राहतो आणि ती सुटते. तिचे समर्थक म्हणतात की रुंद शेपटीमुळे ती लवकर उचलली जाते, वारा मध्येच पडला तरी वेगाच्या जोरावर पुढे सरकत राहते आणि आजच्या स्लालम फळ्या जुन्या अरुंद फळ्यांपेक्षा कितीतरी स्थिर असतात. शिवाय तळ्याचे पाणी सपाट, म्हणजे तिच्यासाठी आदर्श. आणि शेवटचा मुद्दा खिशाचा: सोपी फळी घेऊन दोन वर्षांत विकण्यापेक्षा पहिल्याच दिवशी चांगली घ्यावी आणि हळूहळू तिच्या योग्यतेचे व्हावे.

यातली पहिली दोन विधाने खरी आहेत, पण ती जिच्याविषयी आहेत ती फळी निष्णात माणसाच्या पायाखालची. स्लालम लवकर उचलली जाते ती आठ-नऊ चौरस मीटरचे शीड दोन्ही हातांनी लयीत पंप करून, योग्य क्षणी हार्नेसमध्ये वजन टाकून आणि पाय कडेच्या पट्ट्यांत सरकवून. या तीन क्रिया दोन-तीन सेकंदांत व्हाव्या लागतात. महिन्यातून दोनदा पाण्यावर जाणाऱ्याच्या अंगात हा क्रम मुरलेला नसतो. पट्ट्या अगदी कडेला बसवलेल्या असतात, कारण पूर्ण वेगात फिनवर दाब देण्यासाठी पाय तिथेच हवा. वेग येण्याआधी पाय तिकडे गेला तर फळी त्या बाजूला कलते, नाक वाऱ्याकडे वळते आणि माणूस पाण्यात जातो.

मग येतो फिनचा प्रश्न, आणि या वादातला कळीचा मुद्दा तोच आहे. फळी आडवी घसरू नये म्हणून खाली फिन असते. तिचा आधार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग निम्मा झाला, की आधार चौथाईवर येतो. स्लालमची चाळीसेक सेंटिमीटरची निमुळती फिन वीस नॉटच्या वेगाला उत्तम धरून ठेवते, पण चार नॉटला तिची पकड जवळजवळ सुटते. अशा वेळी नाक वाऱ्याच्या जितके जवळ न्यावे, तितकी फळी बाजूला वाहत जाते.

हा दोष नव्हे. स्लालमची शर्यतच तशी असते. एकेका फेरीत साधारण आठ जण वाऱ्याच्या वरच्या अंगाला सुरुवात करतात आणि बोयांना वळसे घालत नागमोडी वाटेने वाऱ्याच्या खालच्या दिशेला उतरतात. नॉर्वेजियन भाषेतला ‘स्लालम’ हा शब्दही मुळात बर्फाच्या उतारावरच्या वाटेचाच. जी फळी उतारासाठी घडवली, तिने चढावर कुरकुर केली तर तिचा काय अपराध? अपराध ती चढावर घेऊन जाणाऱ्याचा.

पवनेवर हा चढ टळत नाही. पवना नदी पूर्वेला वाहते, धरणाची भिंत पूर्वेच्या टोकाला पवनानगरजवळ आहे आणि पाणी पश्चिमेकडे डोंगरांच्या कुशीत पसरले आहे. मार्चपासून मेपर्यंत दुपारी जो वारा घाटावर चढतो तो पश्चिमेचा, कोकणातून वर येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यांशी नाते सांगणारा. पावसाळी वाराही पश्चिमेचाच. म्हणजे वर्षातला जो वारा शिडाच्या कामाचा, तो माणसाला धरणाच्या भिंतीकडे ढकलतो. स्लालमवर वारा भरात असेपर्यंत सगळे झकास चालते. साडेचार वाजता वारा दहा नॉटवरून सहावर आला, की तीच फळी जड ओंडक्यासारखी वागते आणि ज्या काठावरून निघालो तो काठ तिरप्या वाऱ्यापलीकडे राहतो. समुद्रावर निदान सोबतीला बचावबोट ठेवण्याची पद्धत असते. इथे शीड गुंडाळून हाताने पाणी मारत यावे लागते, नाहीतर कुठल्या तरी गावाच्या काठाला लागून खांद्यावर सामान घेऊन चालावे लागते.

सपाट पाण्याचा मुद्दा ऐकायला सर्वांत पटणारा आहे, म्हणून तोही तपासू. पवनेचे पाणी सपाट खरेच, पण त्यावरचा वारा सपाट नसतो. तुंग, तिकोना, लोहगड आणि विसापूर, चौघांचेही माथे समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर, तर जलाशयाचे पाणी सुमारे सहाशे मीटरवर. चारशे मीटरच्या भिंतींवरून आणि त्यांच्यामधल्या खिंडींतून येणारा वारा तुकड्यातुकड्यांत येतो. इथे झुळूक, पलीकडे पोकळी, मग एकदम झोत. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे दहा नॉटचा वारा चौदावर गेला तरी शिडावरचा दाब जवळजवळ दुप्पट होतो आणि आठचा सोळा झाला तर चौपट. मोठे शीड घेऊन पोकळीत उभ्या असलेल्या माणसाला असा झोत बसला, की तो हार्नेससकट पुढे फेकला जातो आणि डोलकाठी फळीच्या नाकावर आपटते. कार्बनचे पातळ कवच हा मार सोसत नाही.

आंत्वान आल्बो या फ्रेंच वीराने 2015 साली नामिबियातल्या ल्युडेरिट्झला 53.27 नॉटचा, म्हणजे ताशी जवळपास 99 किलोमीटरचा विक्रम केला. तो ज्या पाण्यावर झाला तो वाळवंटी किनाऱ्यालगत मुद्दाम खणलेला सरळ कालवा होता आणि वारा जोरदार. वेगाची फळी वेगवान ठरण्यासाठी माणसांनी जमीन खणली, हे वेगाचा दाखला देणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे. पवनेला कुणी असा कालवा खणून देणार नाही.

पाण्याखाली काय आहे, तेही पाहावे लागते. धरणाची पातळी वर्षभर हलत असते. उन्हाळ्यात पाणी ओसरते तेव्हा एरवी बुडालेले वाघेश्वराचे जुने मंदिर उघडे पडते, काठाचे खडक आणि बांध बाहेर येतात. म्हणजे वारा चांगला असण्याच्या महिन्यांतच पाणी उथळ आणि दगडाळ. वेगात जाणारी लांब फिन खडकाला अडकली तर फिन मोडते, तिची पेटी फाटते आणि माणूस डोक्यावर पडतो. हाच धोका फॉइल, म्हणजे पाण्याखालचा पंख, लावलेल्या फळीला अधिक. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या आयक्यूफॉइल फळीखालचा खांब 95 सेंटिमीटरचा असतो.

आता राहिला खिशाचा मुद्दा, ‘हळूहळू योग्यतेचे व्हावे’ हा. शिकणे आवृत्तीवर चालते. फळीवर चढणे, शीड उचलणे, निघणे, वळणे हे शंभरदा करावे लागते. अठ्ठ्याहत्तर किलोंचा माणूस घ्या. 115 लिटरची स्लालम गोड्या पाण्यात फार तर 115 किलो पेलेल. समुद्राचे पाणी अडीच टक्क्यांनी जड असल्याने तिथे तीच तीन किलो अधिक पेलते. फळीचे सात किलो, शीड-डोलकाठी-बूम मिळून नऊ, हार्नेस आणि जीवनरक्षक जाकीट मिळून चार, असे धरले तर एकूण भार 98 किलो. उरली सतरा किलोंची तरणशक्ती. एवढ्याशा आधारावर उभे राहून पाण्यातून ओले शीड दोरीने वर ओढायचे, तर पाय सारखे थरथरतात. 160 लिटरची, बारा किलोंची रुंद फळी आणि हलके शीड घेतले, तर हीच शिल्लक पन्नासच्या पुढे जाते. एका दुपारी पाच आवृत्त्या होणार की पंचवीस, हे या हिशेबावर ठरते. ज्याच्या पाच होतात, तो योग्यतेचा होण्याआधी कंटाळतो आणि महागडी फळी माळ्यावर जाते.

हे शहाणपण बाहेरून आणायचीही गरज नाही. मळवलीच्या पुढचे स्टेशन कामशेत, आणि तिथल्या डोंगरांवर पावसाळा सोडून पॅराग्लायडिंग चालते. तिथे नवशिक्याच्या पाठीवर शर्यतीचा पंख कुणी बांधत नाही. युरोपीय मानकांत पंखांच्या ए ते डी अशा श्रेणी आहेत आणि ए श्रेणीचा पंख स्वतःहून सावरतो, म्हणून शिकणारा त्याच्यावरच शिकतो. त्याच डोंगररांगेच्या पलीकडे, त्याच वाऱ्यात, पाण्यावर उतरणाऱ्याला मात्र डी श्रेणीचा सल्ला का द्यावा?

मग घ्यावे काय? रुंद, 150 ते 180 लिटरची, मधोमध डॅगरबोर्ड असलेली फळी, आणि तिच्यावर साडेपाच ते सात चौरस मीटरचे मऊ, कॅम्बर नसलेले शीड. डॅगरबोर्ड म्हणजे फळीच्या पोटातून खाली सरकणारे रुंद पाते. वेग नसतानाही ते आडवे घसरणे रोखते, म्हणून सहा नॉटच्या वाऱ्यातही टॅक घेत घेत, म्हणजे नागमोडी वळत, वाऱ्याच्या वर चढता येते. वारा वाढला की पायाने ते आत ढकलायचे, मग फळी फिनवर पळते. यात मागासलेपण काही नाही. 1968 साली कॅलिफोर्नियात जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइट्झर यांनी ज्या फळीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिलाही असे पाते होते, कारण शिडावर फिरायला निघालेल्याला परतही यायचे असते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आणि ज्यांना हे शर्यतीच्या तोलाचे वाटत नाही, त्यांच्यासाठी आपल्याच देशातले उदाहरण आहे. हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सप्टेंबर 2023 मध्ये एबाद अलीने विंडसर्फिंगचे कांस्यपदक मिळवले ते आरएस:एक्स या फळीवर. तिची लांबी 286 सेंटिमीटर, रुंदी 93, आणि पोटात डॅगरबोर्ड. आरएस:एक्सही शर्यतीचीच फळी, तिचे साडेनऊ चौरस मीटरचे शीड पेलायला दणकट शरीर लागते, त्यामुळे हौशी माणसाने तीच घ्यावी असे इथे म्हणायचे नाही. पण आपला खेळाडू वाऱ्याच्या वर चढणाऱ्या फळीवर आशियाच्या पदकापर्यंत पोचला, ही गोष्ट दोन्ही पक्षांनी विचारात घ्यावी.

उलट्या टोकाचा आग्रहही टाळला पाहिजे. स्लालम शर्यतवाल्यांनीच चालवावी, इतरांनी हात लावू नये, हे म्हणणेही टिकत नाही. ज्याला खोल पाण्यात शिडाच्या ओढीने फळीवर चढता येते, जो हार्नेस आणि पट्ट्या न पाहता वापरतो, ज्याची जाईब, म्हणजे वारा पाठीशी घेऊन मारलेले वळण, दहापैकी सात वेळा कोरडी निघते आणि ज्याला मांडव्याला किंवा गोव्यात दोना पावलाला दुपारचा सलग समुद्री वारा मिळतो, त्याने स्लालम जरूर घ्यावी. भरल्या वाऱ्यात ती फळी पायाखाली जो तणाव आणि जी शांतता एकाच वेळी देते, तशी दुसरी देत नाही. तिच्याकडे जाताना मध्ये एक पायरीही आहे. फ्रीरेस नावाच्या फळ्यांत स्लालमचा तळ बऱ्याच अंशी असतो, पण पट्ट्या आतल्या बाजूलाही बसवता येतात.

भाज्याच्या चैत्यगृहात छताखाली लाकडाच्या कमानदार फासळ्या आहेत, दोन हजार वर्षांहून जुन्या. छत कातळाचे आहे, ते स्वतःच उभे आहे. फासळ्या भार पेलत नाहीत, लाकडी इमारतींच्या आठवणीने त्या तिथे बसवल्या. कातळ असेपर्यंत ते चालते आणि शोभतेही. पाण्यावर तसा कातळ नाही. तिथे फळीचा प्रत्येक गुण भार पेलतो किंवा माणसाच्या अंगावर येतो.

मग पवनेवर जाणाऱ्याने करायचे ते साधे आहे. जलाशय जलसंपदा विभागाचा, म्हणून परवानगीची चौकशी आधी. पावसाळ्यात वारा कितीही खुणावो, मनाई आदेशाच्या काळात पाणी बंदच समजावे. जाकीट अंगावर, सोबत काठावर एक माणूस. आणि एप्रिलच्या दुपारी पाण्यावर उतरल्यावर पहिला टॅक पश्चिमेकडे घ्यावा, तुंगच्या अंगाला, वाऱ्याच्या वर. पाते खाली, शीड ताणलेले, फळी संथ चालीने वर सरकत राहील. पाच वाजता वारा मावळू लागेल, तेव्हा घराकडचा काठ वाऱ्याच्या खाली असेल आणि उरलीसुरली झुळूक तिकडेच नेत असेल.