पाइप नवा, पाइप जुना. मधला जोड कुणाचा?

काल सकाळी साडेसहाला फोन. "दादा, परत सुरू झालं. पोळ्या लाटताना थेंब ओट्यावर पडला." थेंब पावसाचा नाही. वरच्या मजल्यावरच्या संडासाची लाइन त्या ओट्यामागच्या डक्टमधून खाली येते, तिचा आहे. जुन्या कर्मचारी वसाहतीची गोष्ट. कोणती, ते गावातल्यांना सांगायला नको.

मागच्या उन्हाळ्यात इथं 'दुरुस्ती' झाली. वरचा फुटका बिडाचा पाइप काढून पांढरा पीव्हीसी लावला, खालचा जुना बिडाचाच ठेवला. त्यात चूक काही नाही. चूक आहे ती दोघांच्या मधल्या वीतभर जागेत. बिडाच्या सॉकेटमध्ये प्लास्टिकचा पाइप खुपसला, फटीत सिमेंट भरलं, वर पुटी थापली आणि रंग मारला. झालं! 'रहिवाशांना दिलासा' अशी फोटोसह बातमी मीच छापली होती. रंग बघितला, जोड बघितला नाही. तो दोष माझा.

आता हे गळणारच होतं का? होय, गळणारच होतं. पीव्हीसी गरम झाला की बिडाच्या पाच-सहा पट जास्त लांबतो. तीन मीटरचा पाइप, तापमानात 30 अंशांचा फरक पडला तर साधारण 5 मिलिमीटर वाढतो. बीड तेवढ्याच लांबीत जेमतेम 1 मिलिमीटर. सिमेंट प्लास्टिकला धड चिकटत नाही. रोज उन्हानं पाइप ताणतो, रात्री आखडतो, आणि सिमेंटभोवती केसाएवढी फट पडते. तेवढी पुरते. पीव्हीसीचं सोल्युशन बिडावर चालत नाही. पूर्वीचे मिस्त्री ताग ठासून वितळलेलं शिसं ओतायचे, ते प्लास्टिकवर ओतलं तर पाइपच वितळेल. मापंही जुळत नाहीत. बिडाचा 100 म्हणजे आतला व्यास, पीव्हीसीचा 110 म्हणजे बाहेरचा.

यावर उपाय बाजारात आहे. सॉकेट शाबूत असेल तर त्या मापाची रबर रिंग. पाइप कापलेला असेल तर स्टीलच्या पट्ट्याचं रबरी कपलिंग, दोन्ही बाजूंना क्लॅम्प. आधी बिडाचं टोक सरळ कापायचं, गंज खरवडायचा. वर बिडाची लाइन उरली असेल तर कापण्याआधी तिला भिंतीला धरून घ्यायचं, नाहीतर ते वजन खाली येतं. हे रॉकेट सायन्स नाही, राव.

लोक मिस्त्रीला शिव्या देतात. मी त्याला गाठलं. म्हणाला, "भाऊ, ते रबर मला माहितीये. इथं मिळत नाही, बाहेरून मागवावं लागतं. ठेकेदार म्हणाला, सिमेंट आहे ना? मग मी काय घरून आणू?"

माहिती अधिकारात इस्टिमेट आणि मापपुस्तिका काढली. पाइप मीटरवर, प्लास्टर आणि रंग चौरस मीटरवर. जुन्या-नव्याच्या जोडाची वेगळी ओळच नाही. साहेबांना विचारलं, तर उत्तर मिळालं, "पाइपच्या दरात जोड धरलेला असतो." बरं. धरलेला असेल तर पैसे दिलेत ना? मग सिमेंटचा लपका पास कुणी केला? खालचं तोंड बंद करून लाइनमध्ये पाणी भरायचं आणि जोड पाझरतो का बघायचं, ही साधी चाचणी. ती झाल्याचा एक कागद दाखवा. मला तरी मिळाला नाही.

कुणी म्हणेल, सगळं बीडच काढून टाका. काढा की! पण ते अर्धं भिंतीत आणि जोत्याखाली आहे. ती फोडाफोड मंजूर होईपर्यंत खालच्या बाईनं पोळ्या छत्रीत लाटायच्या का? वरच्यांना महिनाभर 'पाणी कमी टाका' म्हणून सांगून झालंय. संडासात पाणी कमी टाका! आणि चेंबर तुंबलं की सफाई कामगाराला बोलावतात, तोही हातमोज्यांशिवाय.

दोष दायित्व कालावधी अजून संपलेला नाही. म्हणजे हे जोड ठेकेदारानं फुकट उघडून, रबर घालून, रहिवाशांसमोर पाणी भरून दाखवायचे आहेत. नवं इस्टिमेट नको.

सोमवारी अकराला निवेदन घेऊन जातोय. वसाहतीतल्या ज्यांच्याकडे गळतंय त्यांनी जोडाचा जवळून फोटो काढून, तारीख लिहून रविवारपर्यंत इनबॉक्सला पाठवा. छताचा डाग नको, जोडाचाच पाहिजे.