श्रवणयंत्र महाग, की पडून राहिलेले यंत्र महाग?

परवा एक गृहस्थ आपल्या बहात्तर वर्षांच्या वडिलांना घेऊन दवाखान्यात आले. तपासणीनंतर मी श्रवणयंत्राचा सल्ला दिला. वडिलांना ऐकू जाणार नाही हे ठाऊक असूनही मुलाने आवाज खाली आणला. म्हणाला, "डॉक्टर, आता या वयात एवढा खर्च करून काय उपयोग? शेजारच्या काकांचे यंत्र कपाटात पडून आहे."

प्रश्न रोखठोक होता, म्हणून उत्तरही हिशेबानेच दिले. समजा, यंत्राची किंमत २० हजार रुपये आहे आणि ते पाच वर्षे चालले, तर दिवसाला ११ रुपये पडतात. बॅटरी, दुरुस्ती धरली तरी रोजचा खर्च एक-दोन कप चहाइतकाच. पण तेच यंत्र महिनाभर वापरून डबीत ठेवले, तर दिवसाला ६६७ रुपये झाले! यंत्र महाग ठरते ते किमतीमुळे नव्हे, पडून राहिल्यामुळे.

मग ते पडून का राहते? वयोमानाने आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ ही अक्षरे निसटतात. "आवाज येतो, पण शब्द कळत नाही" अशी तक्रार असते ती यामुळेच. तपासणी न करता दुकानातून आणलेले साधे यंत्र सगळेच आवाज सारखे वाढवते. भांड्यांचा खणखणाट वाढतो, बोलणे मात्र कळत नाही. आजोबा कंटाळून यंत्र काढून ठेवतात.

म्हणून आधी कान तपासावेत. कधी कधी नुसता मळच निघतो. मग श्रवण तपासणीच्या आलेखाप्रमाणे यंत्र लावून घ्यावे. पहिले काही आठवडे घरातल्या शांततेत थोडा थोडा वेळ वापरावे, कारण मेंदूलाही सवय व्हावी लागते. त्रास झाल्यास यंत्र पुन्हा जुळवून घ्यावे. दोन यंत्रे परवडत नसतील तर एक तरी घ्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार, श्रवण-आरोग्यावर केलेल्या एका डॉलरच्या खर्चातून सुमारे १६ डॉलरचा परतावा मिळतो. २०२३ साली अमेरिकेतील ९७७ वृद्धांवरील तीन वर्षांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्वांचा मिळून विचार करता यंत्रामुळे बुद्धीच्या ऱ्हासात फरक दिसला नाही. पण ज्यांना ऱ्हासाचा धोका जास्त होता, त्यांच्यात तो ४८ टक्क्यांनी मंदावला. यंत्र म्हणजे विस्मरणावरचा रामबाण उपाय नव्हे, पण ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखीही नाही.

पैशाची अडचण असणाऱ्यांनी समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली सुरू झाली. राज्याने २०२४ साली आणलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना अशा साधनांसाठी एकरकमी ३ हजार रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. मात्र माझे स्पष्ट मत असे की, नुसते यंत्र वा पैसे देऊन शासनाने थांबू नये. ते जुळवून देणारा तज्ज्ञ तालुक्याच्या गावी आला नाही, तर सरकारी यंत्रेही कपाटातच जातील.

चष्मा घेताना आपण वय विचारत नाही. मग कानाच्या वेळीच का विचारावे? घरातले बोलणे कळेनासे झाले की माणूस चार माणसांत असूनही एकटा पडतो. त्या एकटेपणाचा खर्च कोणत्याच हिशेबात धरला जात नाही.