रुपयातली चांदी आणि लाखांची थाप

शनिवारी शिक्रापूरला घरी गेलं की हमखास कोणीतरी जुनं नाणं घेऊन येतं. "तू कॉम्प्युटरवाला ना, बघ रे नेटवर, कितीला जाईल?" मोबाईलवर 'जुन्या नाण्याचे लाखो मिळवा' असं आलेलं असतं. पुढे तो जाहिरातवाला आधी 'रजिस्ट्रेशन फी' मागतो, मग 'टॅक्स'. ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की असल्या व्यवहारांशी आमचा संबंध नाही आणि आम्ही कसलंही कमिशन घेत नाही. तरी फॉरवर्ड काही थांबत नाहीत.

माझं मत विचाराल तर, नाण्यातली खरी गोष्ट माहीत नसते म्हणून लोक खोट्या आकड्याला भुलतात.

सहाव्या जॉर्जचा 1938 चा रुपया घ्या. वजन 11.66 ग्रॅम, त्यात जवळपास 92 टक्के चांदी. आता 1940 चा घ्या. वजन तेच, पण चांदी निम्मी! बाकी 40 टक्के तांबं, 5 टक्के निकेल, 5 टक्के जस्त. युद्धात चांदीची चणचण, म्हणून चार धातूंचा हा प्रयोग, तोही थेट प्रॉडक्शनमध्ये. खोटी नाणी पाडणं अवघड जावं म्हणून कडही बदलली. 1947 मध्ये चांदी पूर्णच गेली आणि वाघाचं चित्र असलेला निकेलचा रुपया आला.

अमेरिकेत उलटं झालं. तांबं महागलं म्हणून तिथे 1974 सालाचे ॲल्युमिनियमचे सेंट पाडून पाहिले, सुमारे 15 लाख. योजना बारगळली, जवळजवळ सगळे वितळवले. चुकून उरलेला एखादा आज अतिदुर्मिळ. आपल्याकडे मात्र ॲल्युमिनियमचे 3 पैसे 1964 लाच आले आणि घरोघरी खुळखुळले.

म्हणजे बघा, जुनं ते सगळं दुर्मिळ नसतं. फसलेला प्रयोग दुर्मिळ होतो, यशस्वी झालेला डब्याच्या तळाशी पडून राहतो. आजीच्या डब्यातला 3 पैशाचा ॲल्युमिनियमचा तुकडा लाखांचा नाही, हे आपणच घरच्यांना सांगायला हवं. गाववाले आपल्याकडे विचारायला येतात, म्हणजे ती जबाबदारी आपलीच ना?

आणि हो, सोनाराकडे रुपया मोडायला नेणार असाल तर आधी साल वाचा. 1938 चा रुपया 1940 च्या भावात देऊ नका. फी मागणाऱ्याला मात्र फोनवरच रामराम!