डोंगर परका, जबाबदारी आपली

वाचकहो, गेल्या दोन-तीन महिन्यांत या सदराला आलेल्या पत्रांतून एकच पृच्छा निरनिराळ्या शब्दांत झालेली आहे. व्हिएतनामला जाऊन येणारी मराठी मंडळी आता घरोघरी भेटतात. परंतु शहरे पाहून परत न येता तेथील डोंगरांत चार दिवस पायी हिंडावे, रात्री तंबूत काढाव्यात असे मनात असेल, तर तयारी कोणती करावी, हा तो प्रश्न. योगायोग असा, की आम्ही स्वतः अकरा स्नेह्यांसह याच तयारीत गुंतलेलो आहोत. तेव्हा पोथीतले न सांगता वहीत टिपलेलेच येथे सांगतो.

प्रथम स्थळाचा विचार. व्हिएतनामच्या उत्तरेस, चीनच्या सीमेला लागून लाओ काय हा प्रांत आहे. त्यात सुमारे पंधराशे मीटर उंचीवर सा पा हे गाव वसलेले आहे. फ्रेंच अमलात साहेबलोकांनी उन्हाळ्यासाठी वसवलेले हे ठिकाण. आपल्याकडचे महाबळेश्वर आठवावे. गावासमोर होआंग लिएन पर्वताची रांग उभी आहे आणि तिच्यात फान्सिपान हे शिखर आहे. जुन्या पुस्तकांत त्याची उंची ३१४३ मीटर दिलेली असते. २०१९ च्या नव्या मोजणीनुसार ती ३१४७ मीटर भरली. व्हिएतनाम, लाओस व कंबोडिया या तीन देशांत याहून उंच शिखर नाही. आपले कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे फान्सिपानची पायवाट ज्या त्राम तोन खिंडीपाशी सुरू होते, ती खिंडच कळसूबाईच्या माथ्याहून उंच आहे. ही एक तुलना आम्ही पहिल्याच बैठकीत सर्वांसमोर मांडली आणि बैठकीतील गप्पांचा सूर तत्काळ बदलला.

त्याच बैठकीत एका वहिनींनी विचारले, "शिखरावर तारगाडी जाते म्हणतात. मग चालायचे कशाला?" प्रश्न रास्त होता. २०१६ पासून तेथे सहा किलोमीटरांहून अधिक लांबीची तारगाडी चालते आणि पाव तासाच्या आसपास माणसाला शिखराजवळ नेऊन सोडते. चालण्याचे कारण ज्याचे त्याने शोधावे. आम्ही इतकेच म्हणालो, की घाटातून मोटारीने उतरलेल्याला घाट दिसतो आणि पायी उतरलेल्याला घाट कळतो. मात्र या तारगाडीचा आमच्या योजनेत मोठा उपयोग झाला. तो कसा, ते पुढे येईलच.

आता ऋतू. उत्तर व्हिएतनाममध्ये साधारणतः मे ते सप्टेंबर पावसाचे दिवस, हिवाळ्यात शिखरावर हिमकण पडण्याइतकी थंडी, आणि मार्च ते मे व ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चालण्यास योग्य महिने. डोंगरउतारावरची भाताची पायऱ्यापायऱ्यांची शेते सप्टेंबरात पिवळीधमक होतात. छायाचित्रांतले सारे सौंदर्य त्या महिन्याचे. पण वादळांचा काळही तोच. २०२४ च्या सप्टेंबरात यागी नावाचे वादळ त्या देशावर आदळले. मृत व बेपत्ता मिळून तीनशेहून अधिक माणसे गेली. याच लाओ काय प्रांतात लांग नू नावाचे एक खेडे डोंगरावरून आलेल्या चिखलपाण्याच्या लोंढ्याखाली गाडले गेले. सुंदर शेतांसाठी अकरा जणांना त्या महिन्यात डोंगरावर नेणे आम्हांस पटले नाही. दसऱ्याच्या सुट्टीचा शेवटचा भाग, म्हणजे ऑक्टोबरचा मध्य, आम्ही निश्चित केला. शेते तोवर कापलेली असतील, असोत. शिवाय दोन दिवस मोकळे राखून ठेवले आहेत. पाऊस लागलाच तर खाली बसून राहता यावे, परतीच्या विमानाच्या भीतीने वर चढावे लागू नये, हा त्यातील हेतू.

कागदपत्रांचे प्रकरण सोपे असले, तरी हलगर्जीपणाने तेच महागात पडते. भारतीयांना व्हिएतनामचा ई-व्हिसा मिळतो. २०२३ च्या ऑगस्टपासून तो नव्वद दिवसांपर्यंतचा असतो आणि एका प्रवेशाचे शुल्क २५ डॉलर आहे. अर्ज फेटाळला गेल्यास शुल्क परत मिळत नाही. म्हणून नावाचे एकेक अक्षर पारपत्राप्रमाणेच लिहावे आणि पारपत्राची मुदत सहा महिने शिल्लक असल्याची खात्री करावी. आमच्यासारख्या शासकीय नोकरांनी परदेशप्रवासाची विभागीय अनुमती आधी घ्यावी आणि मगच तिकिटाचे पैसे भरावेत. विमा उतरवताना एक प्रश्न अवश्य विचारावा: तीन हजार मीटरांवरील पदभ्रमण यात धरले आहे काय? पुष्कळ विम्यांत ते वगळलेले असते आणि ते वाक्य कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत असते. आणखी एक गोष्ट. २०२५ च्या जुलैपासून व्हिएतनाममधील ६३ प्रांत व महानगरांचे ३४ झाले. शेजारचा येन बाय प्रांत लाओ कायमध्ये विलीन झाला. जुना नकाशा जवळ असेल तर गोंधळून जाऊ नये.

हानोईपासून लाओ कायपर्यंत रात्रीची आगगाडी आहे, सुमारे आठ तासांची. तेथून सा पा सव्वा-दीड तासाच्या घाटरस्त्यावर. थेट बसही आहेत आणि त्या पाच-सहा तासांत पोचवतात. आम्ही आगगाडी निवडली, कारण अकरा माणसे एका डब्यात मोजता येतात.

मोजण्याचा हा आग्रह आमच्या सहकाऱ्यांना थोडा अतिरेकी वाटतो. त्यामागची गोष्ट आजवर आम्ही फारशी सांगितलेली नाही. वीसएक वर्षांपूर्वी आम्ही शाळेची सहल घेऊन सह्याद्रीतल्या एका डोंगरावर गेलो होतो. बेचाळीस मुले होती. सकाळी मोजली, वर पोचल्यावर मोजली. उतरताना मात्र अंधार पडू लागल्याने घाई केली आणि मोजणी थेट पायथ्याशी झाली. एकेचाळीस भरली. ती रात्र आम्ही हातबत्त्या घेऊन रान तुडवण्यात काढली. पहाटे मुलगा सापडला, तो एका धनगरवाड्यावर घोंगडी पांघरून निजलेला. पायातला काटा काढायला तो वाटेकडेला बसला होता आणि सारी रांग पुढे निघून गेली होती. त्याच्या वडिलांनी आम्हांला एक शब्दही दूषण दिले नाही. तेच आजतागायत अधिक बोचते. चूक मुलाची नव्हती, वाटेची नव्हती, आमची होती.

म्हणून आमच्या वहीचे पहिले पान नियमांचे आहे. दोघादोघांच्या जोड्या, एका ठिकाणी तिघे. जोडीदार दिसेनासा झाला की थांबावयाचे. सर्वांत पुढे वाटाड्या, सर्वांत मागे आम्ही. आमच्या मागे कोणी राहावयाचे नाही. चाल सर्वांत मंद माणसाची. दर थांब्यावर मोजणी. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. तीन वेळा वाजली म्हणजे संकट. दुपारी चारपर्यंत मुक्काम गाठता येणार नाही असे दिसले, तर अलीकडच्या मुक्कामावर परतावयाचे, मग कितीही उत्साह असो. रुग्णवाहिकेसाठी ११५ आणि पोलिसांसाठी ११३ हे तेथील क्रमांक प्रत्येकाच्या खिशातल्या चिठ्ठीवर आहेत.

वाटाड्याविषयी एक अनुभव. एका प्रवासी कंपनीच्या गृहस्थांनी आम्हांस सांगितले, की वाट मळलेली आहे, वाटाड्या व परवाना यांचा खर्च वाचवता येईल. आम्ही त्यांचा नाद तेथेच सोडला. हे रान राष्ट्रीय उद्यानात मोडते. परवाना आणि स्थानिक वाटाड्या यांवाचून वर जाऊ नये. धुके उतरले की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. वाटाडे व भारवाहक बहुधा हमोंग समाजाचे असतात. व्हिएतनाममध्ये ५४ मान्यताप्राप्त जनसमूह आहेत. त्यांपैकी किन्ह हे बहुसंख्य, आणि हमोंग, दाओ, ताय, जाय हे या डोंगरांतले रहिवासी. हमोंग मूल घरी आपली भाषा बोलते, शाळेत व्हिएतनामी शिकते आणि पाहुण्यांशी इंग्रजी बोलते. घरात मराठी, कचेरीत कानडी आणि बाजारात दोन्ही अशा वातावरणात वाढलेल्या आम्हां बेळगावकरांना हे परके वाटू नये. ज्याची मायभाषा राज्याची भाषा नाही, त्याला आपण त्याच्या भाषेतला नमस्काराचा शब्द विचारला तर काय वाटते, हे या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. भारवाहकाची मजुरी किती आणि ती त्याच्या हाती किती पडते, हे संयोजकाला आधी विचारावे. त्याच्या पाठीवरचे ओझे ठरवतानाही आपल्या घरचा माणूस डोळ्यांसमोर आणावा.

सामानाचा नियम साधा आहे: स्वतःच्या पाठीवर आठ किलोंहून अधिक नको. उंचीबरोबर दर हजार मीटरांस सुमारे साडेसहा अंश तापमान उतरते. हानोईत तीस अंश असतील तर शिखरावर दहा, आणि वारा व ओल धरली तर भासतील त्याहून कमी. अशा ठिकाणी सुती कपडा वैरी ठरतो. तो भिजतो, वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे घ्यावेत आणि निजण्याचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कोरडा राखावा. पावसानंतर जळवा असतात. लांब मोजे आणि मिठाची पुरचुंडी बरोबर असू द्यावी. पाणी उकळलेलेच प्यावे, दिवसाकाठी तीन लिटर.

जेवणाचे म्हणाल, तर भाताला तेथे तोटा नाही. परंतु नुओक माम नावाचे माशाचे आंबवलेले पाणी पुष्कळ पदार्थांत घालतात. शाकाहारी मंडळींनी 'आन चाय' हे दोन शब्द पाठ करावेत. तेथील बौद्ध कुटुंबांत चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या तिथीला शाकाहार पाळण्याची चाल असल्याने ते सर्वांना समजतात. आम्ही मेतकूट, लिंबाचे लोणचे आणि डिंकाचे लाडू नेणार आहोत. गरम भात व मेतकूट यांवर अकरा माणसांचा एक दिवस निभावतो, हे आम्ही पारगडावर पडताळून पाहिले आहे.

पारगडाची ती रात्र हीच आमची खरी परीक्षा ठरली. तीन महिने दर रविवारी राजहंसगडावर पाठीवर ओझे घेऊन चढल्यानंतर आम्ही तेथे तंबू ठोकून मुक्काम केला. तीन हातबत्त्यांचे सेल निकामी निघाले, एका तंबूवरचे आच्छादन घरीच राहिले, आणि पहाटे पाऊस आला. हे सारे चंदगड तालुक्यात घडले म्हणून हसण्यावारी गेले. परंतु एक गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. आमच्यातील सर्वांत वडील, आता निवृत्त झालेले एक ज्येष्ठ शिक्षक, चढणीवर चार वेळा थांबले. दम लागला होता, ओठ कोरडे पडले होते, तरी ते म्हणत होते, "काही नाही, काल झोप नीट झाली नाही."

परतल्यावर आम्ही त्यांच्या घरी गेलो. व्हिएतनामची कल्पना मुळात त्यांचीच. नकाशे त्यांनीच जमवलेले. काय बोलावे ते सुचेना. अखेर तेच म्हणाले, "मास्तर, मला वगळायला आलात ना?"

आम्ही म्हणालो, "अण्णा, त्या रात्री एक मूल मागे राहिले होते. आता तुम्हांला मागे ठेवून पुढे जाण्याचे धैर्य आमच्यात नाही, आणि ओढून वर नेण्याचेही नाही."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वहिनींनी चहा आणला आणि त्यांनी स्वतःच नकाशा उलगडला. आता योजना अशी आहे: पहिल्या दिवशी आम्ही त्राम तोनहून निघून २२०० मीटरांवरील मुक्कामाला राहू, दुसऱ्या दिवशी २८०० मीटरांवर, आणि तिसऱ्या सकाळी उरलेली चढण. अडीच हजार मीटरांच्या वर काहींना डोकेदुखी व मळमळ होते. म्हणून चढण अशी तीन दिवसांत विभागली आहे. दोन रात्री अण्णा सा पा गावात राहतील. आमची यादी, पारपत्रांच्या प्रती आणि मुक्कामांच्या वेळा त्यांच्यापाशी असतील. ठरल्या वेळी निरोप आला नाही, तर उद्यानाच्या कचेरीत जाण्याचे काम त्यांचे. डॉक्टरांनी तपासून अनुमती दिली, तर तिसऱ्या दिवशी ते तारगाडीने वर येतील आणि आपण सारे शिखरावर भेटू. अनुमती मिळाली नाही, तर आम्हीच तारगाडीने उतरून दुपारच्या जेवणाला त्यांच्यापाशी पोचू. उतरण्यासाठी सर्वांना तीच गाडी आहे. थकल्या गुडघ्यांनी ओली उतरण उतरण्यात भूषण नाही.

डॉक्टरांकडील तपासणी पुढील आठवड्यात आहे. काय निर्णय होईल तो होवो. वहीच्या पहिल्या पानावर बाराही नावे आहेत आणि वर जाणाऱ्यांच्या मोजणीत खाली थांबणारा धरलेला आहे.

वाचकांपैकी कोणी असा बेत आखत असतील, तर त्यांनी वाहन, विमान, तंबू यांची चौकशी अवश्य करावी. परंतु त्याआधी एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून एवढे ठरवावे, की आपल्यातला एखादा थांबला तर बाकीचे काय करतील. त्याचे उत्तर सर्वांचे एक आले, तर खुशाल तिकिटे काढावीत. प्रवासाचा वृत्तांत परतल्यावर याच पानावर सादर करू.