तीन वर्षांचे रविवार

बँकेत लेजर जुळवण्यात बाबांची पस्तीस वर्षं गेली. भली मोठी उभी बेरीज ते नुसती नजर फिरवून करायचे. मग कॉम्प्युटर आले. "आता हे सगळं बटणावर होतं" हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलं, की हल्ली स्वतःच म्हणतात. गेल्या रविवारी परत तेच निघालं, तेव्हा मी त्यांना कोलची गोष्ट सांगितली.

दोनचा ६७वा घात घ्या आणि त्यातून एक वजा करा. येते १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, चांगली एकवीस आकडी संख्या. मेर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली लिहून ठेवलं, की ही मूळ संख्या आहे. १८७६ साली ल्युका या गणितज्ञाने दाखवलं, की नाही. गंमत म्हणजे तिला भाग नेमका कशाने जातो, हे त्यालाही सापडलं नव्हतं! घरात चोर आहे हे पक्कं, पण कुठल्या खोलीत ते ठाऊक नाही.

ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेला. असं सांगतात, की एक शब्दही न बोलता त्याने एकीकडे ही संख्या काढली आणि दुसरीकडे १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार केला. दोन्ही उत्तरं एकच. तो जागेवर जाऊन बसला आणि टाळ्या पडल्या. हे शोधायला किती वेळ लागला, असं विचारल्यावर म्हणे त्याने उत्तर दिलं, तीन वर्षांचे रविवार.

आज हे काम घरातला कॉम्प्युटर क्षणात करतो. मग कोलचे रविवार फुकट गेले का? मला नाही तसं वाटत. अवयव शोधायला वर्षं लागली, पण ते तपासायला शाळेतला गुणाकार पुरतो. कोलवर विश्वास ठेवायला नको आणि मशीनवरही नको. ज्याला स्वतः पडताळून बघता येतं, त्याची विद्या जुनी होत नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

बाबा काही बोलले नाहीत. कागद-पेन्सिल घेऊन बसले. "सात तीनदा आलाय, एकदाच करून उतरवू." आठ ओळी झाल्या, बेरीज झाली. मग नऊचा ताळा. दोन्ही अवयवांच्या अंकांची बेरीज करत गेलं की शेवटी १ उरतो, म्हणजे उत्तराचाही १ च हवा. यांचा आला ९.

"कुठेतरी हातचा राहिला," म्हणाले आणि पुन्हा वरपासून सुरुवात केली. चहा निवून गेला. या खेपेला ताळा जुळला. पण ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबर असतंच असं नाही, म्हणून एकवीसच्या एकवीस आकडे त्यांनी बोट ठेवून माझ्याकडून वाचून घेतले.

मग सवयीने खाली तारीख घालून सही केली. तो कागद मी जपून ठेवलाय.